दोन फटींची आकृती आणि तिने गाळलेले अंतर

एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तरंग प्रकाशिकीचे एक प्रकरण आहे. त्याच्या शेवटी स्वाध्यायात एक साधे उदाहरण दिले आहे. यंगच्या प्रयोगातील दोन फटींमधले अंतर ०.२८ मिलीमीटर, पडदा १.४ मीटरवर, मधल्या उजळ पट्ट्यापासून चौथा उजळ पट्टा १.२ सेंटीमीटरवर, तर प्रकाशाची तरंगलांबी किती? पिंपरी-चिंचवडच्या केंद्रीय मंडळाच्या शाळांमध्ये आणि प्रवेश परीक्षांच्या शिकवणीवर्गांमध्ये हे उदाहरण विद्यार्थी दोन मिनिटांत सोडवतात. उत्तर येते ६०० नॅनोमीटर. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे.

आता त्याच प्रकरणातली प्रयोगाची आकृती पाहावी. डावीकडे एक छिद्र, मध्ये दोन छिद्रांचा आडपडदा, उजवीकडे मुख्य पडदा, आणि पडद्यावरच्या एका बिंदूपर्यंत दोन छिद्रांपासून ओढलेल्या दोन तिरक्या रेषा. या रेषांमुळे एक चांगला ऐसपैस त्रिकोण तयार होतो. अशी आकृती केवळ याच पुस्तकात आहे असे नाही. मी पाहिलेल्या बहुतेक सर्व पुस्तकांत, मार्गदर्शकांत आणि फळ्यांवर ती अशीच असते. शिक्षक फळ्यावर काढतात तेव्हा दोन छिद्रांमधले अंतर वीतभर आणि पडदा हातभर दूर असतो.

उदाहरणातले आकडे मात्र वेगळेच सांगतात. १.४ मीटरला ०.२८ मिलीमीटरने भागले तर ५००० येतात. म्हणजे पडद्याचे अंतर हे फटींमधल्या अंतराच्या ५००० पट आहे. आकृतीत दोन छिद्रे २ सेंटीमीटर अंतरावर काढली, तर पडदा १०० मीटर दूर काढावा लागेल. पुस्तकाचे पान सोडाच, शाळेची इमारतही पुरणार नाही.

कागदावर १०० मीटर मावत नाहीत हे कोणीही मान्य करील. आकृती प्रमाणात नाही, एवढ्यासाठी पुस्तकाला दोष देणे हा कोतेपणा ठरेल. सूर्यमालेची आकृती तरी कुठे प्रमाणात असते? माझा आक्षेप निराळा आहे. सूर्यमालेच्या आकृतीत अंतरे गाळली तरी ग्रहांचा क्रम राहतो. येथे जे अंतर गाळले आहे तोच संपूर्ण प्रयोग आहे.

असे पाहा. लगतच्या दोन उजळ पट्ट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचे अंतर भागिले फटींमधले अंतर. वरच्या उदाहरणात हे गुणोत्तर ५००० असल्याने पट्ट्यांतले अंतर तरंगलांबीच्या ५००० पट, म्हणजे ३ मिलीमीटर झाले. तरंगलांबी स्वतः ०.०००६ मिलीमीटर. ती डोळ्यांना दिसणे शक्य नाही, पट्टीने मोजणे तर दूरच. पण दोन फटी आणि दूरचा पडदा यांनी ती ५००० पट मोठी करून भिंतीवर मांडली, आणि आता शाळेच्या पट्टीनेही ती मोजता येते. यंगचा प्रयोग हा एक विस्तारक आहे, भिंग नसलेला, आणि त्याची विस्तारशक्ती म्हणजे नेमके ते गुणोत्तर, जे आकृतीतून नाहीसे झाले आहे.

पुस्तकात हे अंतर मोठे असल्याचा उल्लेख नाही असे नाही. सूत्र सिद्ध करताना तो येतो. पण कसा येतो? पडदा फार दूर आहे, म्हणून अमुक पद उपेक्षणीय मानता येईल, एवढ्याच कामापुरता. म्हणजे ज्या गोष्टीने प्रयोग घडतो, ती गोष्ट गणित सोपे करण्याची एक सवलत म्हणून विद्यार्थ्यासमोर ठेवली जाते. त्याची समजूत अशी होते की पडदा जवळ असता तर गणित थोडे अवघड झाले असते, इतकेच. वस्तुतः पडदा जवळ असता तर गणित करण्याची वेळच आली नसती, कारण पट्टे दिसलेच नसते.

यावर एक उपाय मैदानात आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील शाळांना १०० मीटर मोकळी जागा मिळणे कठीण, म्हणून निम्म्यावर समाधान मानू. एका पुठ्ठ्यावर १ सेंटीमीटर अंतराने दोन खिळे ठोकावेत, त्यांना दोन दोरे बांधावेत, आणि ५० मीटरवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातात दोन्ही दोऱ्यांची टोके एकत्र द्यावीत. हे उदाहरणातल्या मांडणीचे सुमारे ३६ पट मोठे रूप झाले. दोन दोरे जवळजवळ एकच दिसतात. फळ्यावरचा ऐसपैस त्रिकोण कुठेच नाही. या प्रमाणात पहिला उजळ पट्टा मध्यापासून सुमारे १०.७ सेंटीमीटर बाजूला पडेल. विद्यार्थ्याने हात तेवढा बाजूला सरकवला, की दोन दोऱ्यांच्या लांबीत फरक पडतो तो केवळ ०.०२ मिलीमीटरचा. दोरा ताणला तर त्याहून अधिक लांबतो! हात दहा सेंटीमीटर हलवावा तेव्हा पथफरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदलतो, हे मुलांना एकदा हाताने कळले की सूत्रातला भागाकार त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या पट्ट्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळवडे, चाकण येथील वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरी आई, वडील किंवा काका रोज मायक्रोमीटर हातात धरतात. त्या मायक्रोमीटरचा एक भाग ०.०१ मिलीमीटरचा, म्हणजे १० मायक्रॉनचा. त्याच्या अचूकतेची खात्री करायची तर स्लिप गेज लागतात, आणि स्लिप गेजचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे पाहायचे तर टूलरूममध्ये किंवा कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत ऑप्टिकल फ्लॅट नावाची काचेची किंवा क्वार्ट्झची चकती असते. ती गेजवर ठेवायची आणि वरून सोडियम किंवा हेलियमच्या दिव्याचा एकरंगी प्रकाश टाकायचा. चकती आणि गेज यांच्यामध्ये हवेची एक अतिशय बारीक पाचर राहते. पाचरीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि गेजवर काळे-उजळ पट्टे उमटतात. पट्टे सरळ आणि सारख्या अंतरावर असले तर पृष्ठभाग सपाट; वाकले तर नाही. वाक एका पट्ट्याच्या अंतराइतका असेल, तर पृष्ठभाग अर्ध्या तरंगलांबीने उंच किंवा खोल आहे. अर्ध्या तरंगलांबीने का, तर प्रकाशाला पाचर उतरून पुन्हा चढावी लागते.

ही मांडणी दोन फटींची नव्हे, हे शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल. यंगच्या प्रयोगात तरंगाग्राचे दोन वेगवेगळे भाग घेतले जातात. येथे एकच तरंग परावर्तनाने दोन वाटांनी जातो. पण विस्तारकाची युक्ती तीच आहे. सोडियमच्या प्रकाशाची अर्धी तरंगलांबी ०.२९५ मायक्रॉन. मायक्रोमीटरच्या एका भागात अशा चौतीस पायऱ्या बसतील. आणि पट्टे एकमेकांपासून ५ मिलीमीटरवर पडले असतील, तर ०.२९५ मायक्रॉनची एक पायरी ५ मिलीमीटर रुंद होऊन डोळ्यांपुढे आली; विस्तार जवळपास सतरा हजार पट. पंपाच्या मेकॅनिकल सीलचे घासून गुळगुळीत केलेले तोंडही असेच तपासतात, आणि त्या कामातली माणसे सपाटपणा मायक्रॉनमध्ये न सांगता इतके ‘लाइट बँड’ असा सांगतात. प्रकाशाचा पट्टा हेच त्यांचे माप. तरंगलांबी ही त्यांच्या दृष्टीने काढायची संख्या नसून वापरायची फूटपट्टी आहे.

पाठ्यपुस्तक देशभरासाठी लिहिलेले असते. त्यात चिंचवडच्या टूलरूमचे वर्णन यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण मापन म्हणून व्यतिकरण कशाला उपयोगी पडते, याची एक ओळ तरी सूत्राशेजारी हवी होती. ती नसल्यामुळे स्वाध्यायातली बरीचशी उदाहरणे ‘तरंगलांबी काढा’ किंवा ‘पट्ट्यांतले अंतर काढा’ याच दोन साच्यांत ओतली जातात. घरी ज्याचे वडील प्रकाशाचे पट्टे मोजून भाग पास किंवा नापास करतात, तो मुलगा शाळेत त्याच पट्ट्यांचे सूत्र पाठ करतो, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत याचा पत्ता नसतो. मला या प्रकरणाबद्दल वाटणारी खरी खंत हीच आहे.

पुस्तकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. काळ्या पट्ट्यातली ऊर्जा नष्ट होत नाही, ती उजळ पट्ट्यात जाते, हे पुस्तकाने स्पष्ट सांगितले आहे. दोन स्वतंत्र सोडियम दिव्यांनी दोन छिद्रे उजळली तर पट्टे का दिसणार नाहीत, याचेही विवेचन चांगले आहे. सर्वांत मोलाचा आहे तो दोन दाढीची पाती आणि एक बल्ब घेऊन विवर्तन डोळ्यांनी पाहण्याचा प्रयोग. खर्च जवळजवळ शून्य. पण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, आणि वर्गात ते पान उलटले जाते. हा दोष पुस्तकाच्या पदरात टाकता येणार नाही.

इतिहासाच्या बाबतीत मात्र पाठ्यपुस्तके सर्रास सैल असतात. टॉमस यंगने दोन छिद्रांतून प्रकाश सोडला आणि पट्टे पाहिले, एवढीच गोष्ट सांगितली जाते. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये यंगने रॉयल सोसायटीपुढे जे व्याख्यान दिले आणि जे १८०४ मध्ये छापले गेले, त्यातल्या मुख्य प्रयोगात फटी नाहीतच. खिडकीच्या झडपेला त्याने भोक पाडले, त्यावर जाड कागद लावला आणि कागदाला बारीक सुईने छिद्र केले. बाहेर आरसा लावून सूर्यकिरण आडवे आत घेतले. त्या झोतात एक इंचाच्या तिसाव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ०.८५ मिलीमीटर रुंद कार्डाची पट्टी धरली आणि तिची सावली न्याहाळली. सावलीच्या आत पट्टे होते. मग त्याने कार्डाच्या एका कडेकडून येणारा प्रकाश अडवला. दुसऱ्या कडेचा प्रकाश तसाच येत होता, तरी सावलीतले पट्टे गेले. सगळा युक्तिवाद या एका कृतीत आहे: पट्टे कोणत्याही एका कडेचे नसून दोन्ही कडांच्या प्रकाशाचे मिळून आहेत. दोन छिद्रांची किंवा फटींची मांडणी त्याच्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात येते, आणि पुढे पुस्तकांनी तीच उचलली.

हा तपशील इतिहासाच्या हौसेपोटी सांगत नाही. कार्डाचा प्रयोग वर्गात सहज होतो. एक केस उभा ताणून चौकटीवर चिकटवावा, त्यावर लाल लेझर पॉइंटरचा झोत टाकावा आणि ३ मीटरवरची भिंत पाहावी. पॉइंटर कोणाच्याही डोळ्यांकडे वळू देऊ नये, हे सांगणे नकोच. केस ७० मायक्रॉन जाड असेल तर लगतच्या काळ्या पट्ट्यांत सुमारे २.८ सेंटीमीटर अंतर मिळेल. पुस्तकी वर्गीकरणात हे विवर्तनाच्या खान्यात जाते. त्याने बिघडत नाही. मग विद्यार्थ्याने घरून मायक्रोमीटर आणावा, किंवा शाळेचा स्क्रू गेज घ्यावा, आणि तोच केस मोजावा. मायक्रोमीटर ०.०७ मिलीमीटर दाखवील, म्हणजे सात भाग, आणि एका भागाची चूक झाली तर सातातील एकाची चूक. भिंतीवरच्या २.८ सेंटीमीटरमध्ये पट्टीने एका मिलीमीटरची चूक झाली तर ती अठ्ठाविसातील एकाची. पाच रुपयांची पट्टी मायक्रोमीटरला हरवते. हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, तो जेवताना वडिलांशी वाद घालणार यात शंका नाही.

लेझरने मात्र एक गोष्ट झाकली जाते. आकृतीत डावीकडे जे एकटे छिद्र असते, ते कशासाठी? बहुतेक विद्यार्थी त्याला शोभेची वस्तू समजतात, आणि लेझर वापरल्यावर ते खरोखरच अनावश्यक होते. परंतु यंगजवळ सूर्य होता. सूर्याचे बिंब बिंदू नाही, ते आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्याच्या प्रत्येक भागाकडून येणारा प्रकाश आपापला पट्ट्यांचा संच पडद्यावर टाकतो, आणि हे संच एकमेकांच्या शेजारी सरकलेले असतात. उदाहरणातल्याच फटी थेट उन्हात धरल्या, तर १.४ मीटरवरच्या पडद्यावर ही सरक सुमारे १३ मिलीमीटर होते. पट्ट्यांतले अंतर तर जेमतेम ३ मिलीमीटर! सगळे एकमेकांवर पडून सपाट उजेड होतो. (उन्हातल्या निरनिराळ्या रंगांची भेसळ वेगळीच, ती लाल काचेने थोडी कमी होते.) फटींपासून १ मीटरवर अर्ध्या मिलीमीटरचे छिद्र ठेवले, तर सरक ०.७ मिलीमीटरवर येते आणि पट्टे उमटतात. छिद्र ५ मिलीमीटरचे केले, तर सरक ७ मिलीमीटर होऊन ते जवळजवळ पुसले जातात. ‘डावीकडचे छिद्र मोठे केल्यास काय होईल?’ हा प्रश्न स्वाध्यायात असता, तर दहा आकडेमोडींचे काम त्याने एकट्याने केले असते.

आणि तो प्रश्न उलटा करता येतो. उगम रुंद असेल तर पट्टे पुसट होतात; तेव्हा पट्टे किती पुसट झाले हे मोजले, तर उगम किती रुंद आहे ते कळले पाहिजे. फटी हळूहळू दूर नेत जायचे आणि पट्टे कधी विरतात ते पाहायचे. महाराष्ट्रात ही कल्पना रेडिओ तरंगांवर प्रत्यक्षात आली ती १९६५ मध्ये, कल्याणला. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या तेथे रांगांत उभ्या केल्या आणि सुमारे ४९ सेंटीमीटर तरंगलांबीवर सूर्याचे निरीक्षण केले. यंगने छिद्र घालून ज्या सूर्याची रुंदी टाळली, त्याच सूर्याच्या रुंदीची आणि रचनेची तपासणी तेथे झाली.

त्याच स्वरूप यांचे मोठे काम आपल्या रस्त्यावर आहे. भोसरीहून निघून मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव येते आणि तेथून जवळच खोडद. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर. येथे पडदा नाही; तबकड्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून त्यांचा गुणाकार केला जातो. प्रत्येक जोडी म्हणजे दोन फटी. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, म्हणजे यंगचे ४३५ प्रयोग एकाच वेळी चालू.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे, आणि आपल्या पट्ट्यातून शाळेची सहल एका दिवसात जाऊन परत येऊ शकते. जाण्यापूर्वी वर्गात एक उदाहरण घालावे. तरंगलांबी २१ सेंटीमीटर, फटींमधले अंतर २५ किलोमीटर; तर ही जोडी किती बारीक कोन ओळखील? तरंगलांबीला अंतराने भागायचे. उत्तर सुमारे दोन विकला येते, म्हणजे एका अंशाच्या ३६०० भागांपैकी दोन. मग हेच १०० मीटर अंतरावरच्या सर्वांत जवळच्या जोडीसाठी करावे. तेथे एका अंशाचा साधारण आठवा भाग मिळतो. आकाशात पसरलेला वायूचा मोठा ढग कोणत्या जोडीला दिसेल आणि कोणत्या जोडीला तो पट्टे पुसून टाकील, हे विद्यार्थ्यांनीच बसमध्ये ठरवावे.